चंचल बालक, गोळी आणि वैद्याचे कर्तव्य

‘मुलाला चंचलपणासाठी गोळी लिहून दिली आहे. ती द्यावी का? की आपल्यात काही औषध आहे?’ हा प्रश्न पूर्वी पुण्या-मुंबईच्या वैद्यांपुरता मर्यादित होता. आता तालुक्याच्या गावी बसणाऱ्या वैद्यालाही तो विचारला जातो. आपल्या व्यवसायबंधूंकडून त्याला जी उत्तरे मिळतात, त्यांत आम्हांस दोन टोके दिसतात. एक, ‘ती मेंदूची गोळी आहे, सवय लागेल, आजच बंद करा, आपण ब्राह्मी सुरू करू.’ दुसरे, ‘तो आमचा विषय नाही, ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा.’ पहिल्या उत्तरात अभिनिवेश आहे, दुसऱ्यात पळवाट आहे. दोहोंपैकी कशानेही बालकाचे हित साधत नाही, असे आमचे मत असून ते सकारण मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आधी पळवाटेचा समाचार घेऊ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या बालकांची अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी व्हावी, अशी त्याची योजना आहे. तपासणी-पथकात जे दोन वैद्यकीय अधिकारी असतात, ते आयुष शाखेचे. म्हणजे महाराष्ट्रात बहुधा आपलेच पदवीधर. पथकाने शोधावयाच्या तीस आरोग्य-समस्यांच्या यादीत अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, अर्थात एडीएचडी, हिचाही समावेश आहे. डोंगरपट्ट्यातील शाळेच्या पडवीत एखाद्या मुलाच्या नावापुढे ही खूण करावयाची की नाही, याचा पहिला निर्णय जर वैद्यच घेत असेल, तर ‘आमचा विषय नाही’ हे म्हणणे कसे टिकेल?

चर्चा अधांतरी राहू नये म्हणून जुन्नर तालुक्यातील घाटघर डोळ्यांसमोर ठेवावे. नाणेघाटाच्या माथ्यावरचे, जीवधनच्या पायथ्याचे हे गाव. सातवाहनांच्या शिलालेखासाठी येणारे अभ्यासक व पावसाळ्यात येणारे सहलीचे लोंढे त्याला ओळखतात. आपल्याला ते ओळखीचे असावे ते वेगळ्या कारणाने. आपल्या औषधालयांतील बाळहिरडा जुन्नर-आंबेगावच्या याच पश्चिम पट्ट्यातून येतो. महादेव कोळी व ठाकर कुटुंबांच्या हाती वर्षाकाठी जो रोख पैसा पडतो, त्यात हिरड्याचा वाटा मोठा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने ही झाडे झोडपली, तेव्हा त्याची झळ थेट या घरांना बसली. भाताची काढणी झाली की अनेक कुटुंबे नारायणगावच्या बागायती भागात मजुरीला उतरतात. मुले मागे आजी-आजोबांकडे, नाहीतर घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहतात. ज्या हातांनी गोळा केलेल्या हरीतकीवर आपली चूर्णे उभी आहेत, त्या हातांची ही मुले आहेत. त्यांच्याविषयी बोलताना थोडी अधिक काळजी घेणे आपल्याला लागू आहे.

समजा, अशा शाळेत तिसरीतला आठ वर्षांचा मुलगा आहे. तो पाच मिनिटे बसकरावर टिकत नाही, दुसऱ्याचे बोलणे तोडतो, पाटी-पुस्तक हरवतो, सांगितलेले अर्धे करून उठतो. गुरुजी कंटाळले आहेत. पथकातील वैद्याने काय करावे?

प्रथम त्याने घाई करू नये. आधुनिक निदानशास्त्रात या विकाराला रक्ताची चाचणी नाही, मेंदूचे छायाचित्रही नाही. निदान सर्वस्वी इतिहासावर व निरीक्षणावर अवलंबून आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ सालच्या निकषांनुसार अनवधानाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे, किमान सहा महिने, वयाच्या मानाने अधिक प्रमाणात असली पाहिजेत. त्यांतील काही बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असली पाहिजेत. ती घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसली पाहिजेत. आणि त्यांमुळे बालकाचे खरोखर अडले पाहिजे. ही शेवटची अट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. चंचल असणे हा विकार नव्हे. चरकाने विमानस्थानात वातल पुरुषाचे जे वर्णन केले आहे, त्यातील हालचालींची त्वरा, चटकन ग्रहण व चटकन विस्मरण हे सारे प्रकृतीचे वर्णन आहे, रोगाचे नव्हे. प्रकृतीवर उपचार करावयाचा नसतो, तिला सांभाळावयाचे असते.

दुसरे, ज्या मुलाला ऐकू कमी येते ते मूल लक्ष देत नाही असेच दिसते. वर्षानुवर्षे कान वाहणारी मुले या पट्ट्यात थोडी नाहीत. ज्याला फळा दिसत नाही, तोही शेजाऱ्याशी बोलतो. ज्याला पांडुता आहे, कृमी आहेत, पुरेसे अन्न नाही, त्याचे मन टिकणार कशावर? क्षणभर शून्यात पाहून पुन्हा भानावर येणारे मूल अपस्माराचे असू शकते, आणि त्याला ‘लक्ष नाही’ म्हणून छडी मिळते. घरी ठाकरी वा कोळी बोली बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकाची मराठी पहिली दोन वर्षे परकी वाटते. सहाव्या वर्षी आईपासून तुटून वसतिगृहात आलेल्या मुलाची झोप उडणे, चिडणे, पळून जाणे हे दुःखाचे लक्षण आहे; त्याला विकाराचे नाव देणे हा अन्याय होय. हे सारे नाकारल्यावाचून एडीएचडीची खूण करू नये.

वयाचाही प्रश्न आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मुलांचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात, वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलग्यांत हे निदान सर्वांत थोरल्यांपेक्षा ३० टक्के अधिक, तर मुलींत ७० टक्के अधिक आढळले. म्हणजे केवळ अकरा महिन्यांनी लहान असल्याचे फळ काही मुलांना निदानाच्या रूपाने मिळाले. आपल्या खेड्यांत शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख ठोकून देण्याची रीत ज्यांना आठवते, त्यांना यावर अधिक सांगणे नलगे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग हा सारा पाश्चात्त्यांनी निर्माण केलेला आजार दिसतो. तसे आमचे मत नाही. २००७ साली जगभरातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात शाळकरी वयात याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या किंचित वर निघाले. सर्व कारणे वगळूनही काही मुले उरतातच, आणि त्यांचे खरोखर अडते. गुरे राखायला गेलेले मूल एकही वासरू हरवत नाही, म्हणून त्याला विकार नाही, असे एक गोड तर्कट आपल्याकडे चालते. आवडीच्या व सतत बदलत्या कामात हे मूल रमते, हे खरेच. पण त्याने विकाराचा निरास होत नाही. शिवाय कड्याच्या धारेवर, विहिरीच्या काठावर, डांबरी रस्त्यावर विचार न करता धावणारे हेच मूल असते. या मुलांना अपघात अधिक होतात. रोज मार खाणारे, ‘वाया गेलेला’ म्हणवून घेणारे मूल पाचवी-सहावीत शाळा सोडते, आणि आश्रमशाळेतून सुटलेल्या मुलाला परत कोणी आणीत नाही. औषधाचे दुष्परिणाम मोजताना औषध न देण्याचे परिणामही त्याच तराजूत घालावे लागतात.

आता गोळीविषयी. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिल्यावर अस्वस्थ मुले शांतपणे अभ्यासाला बसतात, असे नोंदविले. मिथाइलफेनिडेट हे द्रव्य १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत लिअँड्रो पानिझोन यांनी तयार केले. त्यांच्या पत्नीच्या रीटा या नावावरून त्याला रिटालिन म्हटले गेले. डोपामिन व नॉरअॅड्रिनालिन ही मेंदूतील रसायने चेतासंधीत अधिक काळ टिकून राहतात, असे त्याचे कार्य आहे. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. भूक मंदावणे, झोप लांबणे, पोटदुखी, डोकेदुखी, नाडी व रक्तदाब किंचित वाढणे हे त्याचे नित्याचे दुष्परिणाम होत. आपल्या देशात ते १९८५ च्या अमली व मनःप्रभावी पदार्थ कायद्याच्या अनुसूचीत असल्याने त्याची विक्री नियंत्रित आहे. अॅटोमॉक्सेटिन हे दुसरे, उत्तेजक नसलेले औषध अमेरिकेत २००२ मध्ये मान्य झाले. त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात, व आत्मघाताच्या विचारांवर लक्ष ठेवण्याची सूचना त्यासोबत आहे.

या औषधाचा लाभ किती? १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एमटीए अभ्यासात सात ते दहा वर्षांखालील ५७९ मुलांवर १४ महिने उपचार झाले. चंचलता व अनवधान यांवर काटेकोरपणे दिलेले औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. मात्र ज्यांना दोन्ही मिळाले, त्यांना औषधाची मात्रा कमी पुरली व इतर काही बाबतींतही लाभ झाला. तीन वर्षांनंतर पाहता गटागटांतील हा फरक ओसरलेला होता. आणि नव्याने औषध सुरू करून ते सलग घेतलेली मुले औषध न घेतलेल्यांपेक्षा उंचीने सुमारे २ सेंटीमीटर कमी वाढली होती. सहा वर्षांखालील मुलांत लाभ कमी व त्रास अधिक, असे २००६ च्या अभ्यासात दिसले. म्हणूनच अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१९ च्या सूचनांत चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी पालकांचे प्रशिक्षण प्रथम सांगितले आहे. ब्रिटनच्या २०१८ च्या सूचनांतही, पाच वर्षांवरील मुलांना परिस्थितीत योग्य बदल करूनही अडचण उरत असेल तरच औषध, असा क्रम आहे. हा क्रम वाचताना आम्हांस निदानपरिवर्जन आठवले, हे येथे नमूद करतो.

आपल्याकडील सर्वांत आवडता आक्षेप असा की, ही गोळी रोग बरा करीत नाही, नुसता दाबते. आक्षेप वस्तुतः बरोबर आहे: गोळी थांबविली की परिणाम त्याच दिवशी संपतो. पण यावरून ती देऊच नये, हा निष्कर्ष आपल्या शास्त्राला धरून नाही. साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय हे भेद आपणच केले. याप्य व्याधीत उपचार चालू असेतो रुग्ण सावरलेला राहतो, आणि पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूचा दृष्टांत सुश्रुताने त्यासाठी दिला आहे. टेकू भिंत बांधून देत नाही, म्हणून कोणी तो काढून घेत नाही. प्रस्तुत विकारात तर वय वाढेल तसे अनेकांची अतिचंचलता पुष्कळ ओसरते. तोवरची शाळेची पाच-सात वर्षे निभावणे हाच मोठा लाभ असतो. त्या वर्षांत जे शिकायचे राहून गेले, ते पुढे कोणत्याही रसायनाने भरून निघत नाही.

मग आपल्या औषधांचे काय? संहितांत हा विकार या स्वरूपात एका नावाने नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे. मनाचे चांचल्य, धी-धृति-स्मृतींचा विभ्रंश, प्रज्ञापराध यांच्या आधारे संप्राप्ती मांडता येते. उन्मादाच्या चौकटीत हे मूल बसविणे मात्र ओढूनताणून होते. चरकोक्त चार मेध्य रसायने, मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी, आणि त्यांच्या जोडीला ब्राह्मी, यांचा उपयोग आपण करतो व करीत राहावा. परंतु दावा किती करावा? ब्राह्मीच्या प्रमाणित सत्त्वाची ऑस्ट्रेलियात ६ ते १४ वर्षांच्या मुलग्यांवर १४ आठवडे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. चंचलता व अनवधान या मुख्य मोजमापांत ब्राह्मी व निष्क्रिय गोळी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. बौद्धिक लवचिकता व झोप यांसारख्या काही बाबींत मात्र लाभाच्या खुणा दिसल्या. एका चाचणीने शास्त्र ठरत नाही, आणि सत्त्वाची कुपी म्हणजे युक्तीने योजलेली चिकित्सा नव्हे, हेही आम्ही जाणतो. तथापि हा निष्कर्ष समोर असताना ‘गोळी सोडा, ब्राह्मीने हेच काम होते’ असे पालकाला सांगणे सत्याला धरून होणार नाही. अभ्यंग, वेळेवर झोप, स्निग्ध व पुरेसा आहार, अग्नीकडे लक्ष यांचे मोल मोठे आहे. ते गोळीसोबतही देता येते, किंबहुना गोळी चालू असताना अधिक द्यावे लागते.

एक गोष्ट अप्रिय असली तरी लिहिणे भाग आहे. ‘मेंदूसाठी’ म्हणून लहान मुलांना स्मृतिसागर रसासारखे पारद, हरताल, मनःशिला असलेले कल्प महिनोन्महिने देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. बाजारातील काही आयुर्वेदिक औषधांत शिसे, पारा व आर्सेनिक धोकादायक प्रमाणात आढळल्याचे २००४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आले, तेव्हा आपल्यात मोठा क्षोभ झाला होता. क्षोभाचे कारण काहीही असो, शिसे बालकाच्या शरीरात गेल्यास बुद्धी व अवधान यांचीच हानी होते, हे निर्विवाद आहे. ज्या लक्षणासाठी औषध दिले तेच लक्षण अशुद्ध कल्पाने वाढावे, याहून विपरीत काय? या वयात व या विकारात रसौषधी टाळावीत, आणि वेखंडही बाळगुटीच्या चाटणापलीकडे दीर्घकाळ देऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आता पुन्हा घाटघरच्या त्या मुलाकडे येऊ. कान, डोळे, रक्त, झोप सारे तपासून झाले. गुरुजींनी त्याला पुढे बसविले, एका वेळी एकच काम सांगितले, मधूनमधून पाणी आणण्यास वा खडू देण्यास उठविले. आजीला सांगितले की मारू नका, केलेल्या कामाची तिथल्या तिथे शाबासकी द्या. दोन-तीन महिने गेले, आणि तरीही मूल लिहू-वाचू शकत नाही, रोज कोठेतरी पडते, कोणी त्याला खेळात घेत नाही. आमच्या मते या मुलाला बालरोगतज्ज्ञ वा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविलेच पाहिजे. आणि तेथे सुयोग्य तपासणीनंतर गोळी लिहून दिली, तर ती द्यावी, असे पालकांना स्वच्छ शब्दांत सांगण्याचे काम वैद्याचे आहे. वैद्याचा शब्द या पट्ट्यात चालतो. तो शब्द भीती घालण्यासाठी खर्च होऊ नये.

याउलट, पाच वर्षांच्या मुलाला, किंवा पाच मिनिटांच्या तपासणीत, शिक्षकांना विचारल्यावाचून गोळी लिहिली गेली असेल, तर पालकांना दुसरे मत घेण्यास सांगण्याचा अधिकारही वैद्याला आहे. असे प्रकार घडत नाहीत, असे नाही. फक्त गोळी परस्पर बंद करण्याचा उद्योग आपण करू नये. लिहून देणाऱ्याशी पत्राने वा दूरध्वनीने बोलावे.

डोंगरातील अडचणी शहरातील मार्गदर्शक पुस्तिकांत लिहिलेल्या नसतात. घाटघरहून पुणे शंभर किलोमीटरहून दूर. बाप मजुरी बुडवून एकदा जाईल, दर महिन्याला जाणार नाही. आणि नियंत्रित औषध जवळच्या दुकानात मिळेलच, असा भरवसा नाही. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वीच पुढच्या सहा महिन्यांच्या फेऱ्या कशा होतील, हे तज्ज्ञाला विचारून घ्यावे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा मधल्या काळातील शंकांसाठी उपयोगी पडू शकते. दुसरी अडचण भुकेची. जे मूल आधीच वजनाने कमी आहे, त्याची दुपारची भूक गोळीने गेली तर शालेय पोषण आहाराचे ताट तसेच परत जाते. येथे दोन सेंटीमीटर उंचीचा हिशेब पुण्याच्या मुलाइतका स्वस्त नाही. सकाळी भरपेट न्याहरी, तिच्यानंतर गोळी, आणि परिणाम उतरल्यावर संध्याकाळी नाचणी, तूप, शेंगदाणा, अंडे जे मिळेल ते दुसऱ्यांदा पोटभर, असा क्रम बांधून द्यावा. आहाराचे नियोजन ही आपली विद्या आहे, ती येथे वापरावी.

तिसरी अडचण वसतिगृहाची. गोळी मुलाच्या पत्र्याच्या पेटीत राहू नये. ती अधीक्षकांच्या कुलपात असावी, वहीत तारीखवार नोंद व्हावी, सुट्टीला घरी जाताना मोजून पालकांच्या हाती द्यावी व परत येताना मोजून घ्यावी. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी वजन, तीन महिन्यांनी उंची, नाडी व रक्तदाब, एवढे काम जवळच्या वैद्याने विनामूल्य करावे. जुन्नर व आंबेगाव येथील सभासदांनी आपल्या परिसरातील एकेक आश्रमशाळा यासाठी वाटून घ्यावी, अशी आमची सूचना आहे. नोंदीचे कार्ड एका पानाचे पुरे: नाव, वय, औषध व मात्रा, वजन, उंची, झोप, भूक, आणि शेवटच्या रकान्यात गुरुजींचे एक वाक्य, ‘या महिन्यात वर्गात कसा होता’. वर्षाअखेर तज्ज्ञ औषध काही दिवस थांबवून पाहण्याचे ठरवील, तेव्हा त्याच्यासमोर ठेवण्यास हेच कार्ड उपयोगी पडेल.